लाली, सफेदा आणि मलमल

१७७० च्या जुलै महिन्यात व्हर्सायच्या राजवाड्यातून व्हिएन्नाला एक पत्र गेलं. लिहिणारी अवघी चौदा वर्षांची होती. दोनच महिन्यांपूर्वी तिचं फ्रान्सच्या युवराजाशी लग्न झालं होतं. सासरी आपला दिवस कसा जातो, हे मारी आंत्वानेत आईला, म्हणजे सम्राज्ञी मारिया तेरेझाला, तासातासाने कळवत होती. अकरा वाजता केस विंचरले जातात. बारा वाजता दालनाचे दरवाजे उघडतात आणि दरबारात मान असलेली माणसं आत येतात. त्या सगळ्यांसमोर ती गालांना लाली लावते आणि हात धुते. मग पुरुष बाहेर जातात, स्त्रिया थांबतात आणि त्यांच्यादेखत ती कपडे घालते.

या मुलीच्या चेहऱ्यावर पुढच्या तेवीस वर्षांत दोन टोकांच्या फॅशन येऊन गेल्या. आधी दरबारी शिरस्त्याची भडक लाली आली. पुढे साध्या, मोकळ्या, ‘नैसर्गिक’ रूपाची लाट आली आणि तिच्या अग्रभागी ती स्वतःच होती. दोन्ही वेळा लोकांनी तिला दोषी ठरवलं. सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात ठळक आणि नैसर्गिक असा झोका पुन्हा पुन्हा हेलकावत आला आहे, पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या फ्रान्समध्ये तो जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसतो. शृंगारापलीकडे आणखी काय काय त्या रंगांत मिसळलेलं होतं, तेही तिथेच उघड होतं.

गालांवरचा हुद्दा

व्हर्सायची लाली आज कुणी लावली तर लोक वळून बघतील. गालाच्या उंचवट्यावर गुलाबी रंगाचा हलका हात फिरवायचा, अशी ती रीत नव्हती. डोळ्यांच्या खालपासून पार ओठांच्या कोपऱ्याकडे लाल रंगाचा ठसठशीत पट्टा यायचा. त्याची कड पुसट करण्याची कुणाला गरज वाटत नसे. मेणबत्त्यांच्या उजेडात, दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही तो दिसला पाहिजे. हा रंग रक्तातून आला आहे असं भासवण्याचा प्रयत्नच नव्हता. तो लावलेला आहे, हे सगळ्यांना कळावं हाच त्याचा हेतू होता.

कारण लाली दर्जा सांगत असे. दरबारातल्या स्त्रीची लाली सगळ्यांत गडद, शहरातल्या बड्या घरातल्या स्त्रीची त्याहून सौम्य आणि व्यापाऱ्याच्या बायकोच्या गालावर नुसती छटा. राजासमोर प्रथमच सादर होण्याच्या दिवशी रंग सर्वांत भडक असायचा. एखादी स्त्री उतारवयात देवधर्माकडे वळली की लाली सोडायची आणि तिने लाली सोडल्याची चर्चा दरबारभर व्हायची. पुरुषही यातून सुटलेले नव्हते. उमरावांच्या गालांवर लाली असे आणि डोक्यावर पांढरी भुकटी.

परक्या माणसाला हे सारं विचित्र वाटे. १७६३ च्या अखेरीस लिओपोल्ड मोझार्ट आपल्या सात वर्षांच्या अलौकिक मुलाला घेऊन पॅरिसला आला. फ्रेंच स्त्रिया खरोखर सुंदर आहेत की नाही हे मला सांगताच येत नाही, अशा आशयाचं पत्र त्याने पुढच्या वर्षी साल्झबुर्गला पाठवलं. त्यांचे चेहरे त्याला बेर्श्टेसगाडेनच्या रंगवलेल्या बाहुल्यांसारखे वाटले होते.

या रंगामागचं राजकारण समजून घ्यायचं तर फ्रान्स्वा बुशेचं एक चित्र बघावं. १७५० मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे वाढवलेल्या या चित्रात पंधराव्या लुईची प्रियतमा मादाम द पाँपादूर आरशापाशी बसली आहे. आज ते हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. तिच्या एका हातात लालीची डबी आहे आणि दुसऱ्या हातात छोटा ब्रश. मनगटावरच्या कड्यात राजाचा मुखवटा कोरलेला आहे. पाँपादूर जन्माने उमराव नव्हती. तिचं माहेरचं नाव जान-आंत्वानेत प्वासों. १७४५ मध्ये ती दरबारात सादर झाली तेव्हा जुन्या घराण्यांनी नाकं मुरडली होती. त्याच स्त्रीने स्वतःचं चित्र काढून घेताना रंगाचा ब्रश हाती धरला. दरबारातली आपली जागा तिने स्वतःच्या हाताने रंगवली होती आणि ते लपवण्याची तिला लाज नव्हती.

डबीतलं काय?

या लाल रंगाचे तीन मुख्य उगम होते. पहिला हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग: रंग झळझळीत, पण विषारी. दुसरा किरमिजी: मेक्सिकोतल्या निवडुंगावर वाढणारे कोचिनिअल किडे वाळवून तो काढत आणि स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात येई. तिसरा आपल्या ओळखीचा आहे. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात जी करडई आपण तेलासाठी पेरतो, तिच्या फुलांत लाल रंगद्रव्य असतं. फुलं पाण्यात धुऊन आधी पिवळा रंग काढून टाकायचा, मग क्षाराच्या पाण्यात लाल रंग उतरवायचा आणि लिंबासारख्या आंबट रसाने तो खाली बसवायचा. आपल्याकडे याच कुसुंब्याने वस्त्रं रंगत आली. फ्रान्समध्ये तो शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून लाली म्हणून विकला जाई.

लालीचा व्यापार मोठा होता. पॅरिसमधल्या मादमोझेल मार्तें हिची लाली दरबारात नावाजलेली होती. १७८१ मधल्या एका अंदाजाप्रमाणे फ्रान्समध्ये वर्षाला लालीच्या वीस लाखांहून अधिक कुप्या खपत. हा आकडा अदमासेच धरायचा, पण एक गोष्ट त्यातून नक्की कळते. लाली तोवर व्हर्सायच्या भिंतींबाहेर पडली होती आणि तिच्यावर कुणाची मक्तेदारी उरली नव्हती.

लालीच्या खाली पांढरा थर असे आणि खरा धोका तिथे होता. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून ती भांडी घोड्याच्या लिदीच्या उबेत पुरून ठेवायची. काही आठवड्यांनी पत्र्यांवर पांढरा थर चढे. तो खरवडून, कुटून सफेदा तयार होई. चित्रकारांचा पांढरा रंगही हाच होता. त्वचेवर तो दाट बसे, खालचं सगळं झाकून टाकी आणि चेहऱ्याला रेशमी चकाकी देई. झाकायला पुष्कळ होतं. देवीच्या रोगातून वाचलेल्या लाखो माणसांच्या चेहऱ्यांवर वण होते आणि त्यातून राजघराणीही सुटली नव्हती. १७७४ मध्ये खुद्द पंधरावा लुई देवीनेच गेला. अधूनमधून उरलेला एखादा खोल वण काळ्या रेशमाची टिकली लावून झाकत आणि ती टिकलीही पुढे फॅशन झाली.

सफेदा वापरणाऱ्यांचे केस गळत, दात खराब होत, पोटात कळा येत. त्वचा काळवंडली की ती झाकायला आणखी सफेदा लागे. इंग्लंडमधली मारिया गनिंग ही या चक्राची सर्वांत प्रसिद्ध बळी मानली जाते. सौंदर्याच्या जोरावर ती आयर्लंडमधल्या कफल्लक घरातून आली आणि कॉव्हेंट्रीची काउंटेस झाली. १७५२ मध्ये पॅरिसच्या एका मेजवानीत तिने गालाला लाली लावलेली पाहून नवरा तिच्यामागे टेबलाभोवती धावला आणि सगळ्यांदेखत त्याने रुमालाने तिचा चेहरा घासून काढला, अशी हकीकत इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने लिहून ठेवली आहे. १७६० मध्ये ती वारली तेव्हा तिशीही गाठली नव्हती. क्षयाचा संशय होता, तरी दोष तिच्या प्रसाधनांना दिला गेला.

या हकीकतीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि पुढच्या सगळ्या वादात त्या तशाच एकत्र राहिल्या. त्या रंगांत विष होतं, ही एक. बायकोचा चेहरा कसा असावा हे आपण ठरवणार, असं नवऱ्याला वाटत होतं, ही दुसरी.

रुसोची नायिका

पानिपतावर मराठ्यांची दाणादाण उडाली त्याच १७६१ मध्ये झाँ-झाक रुसोची ‘ज्युली’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि युरोपभर वाचकांनी तिच्यावर उड्या टाकल्या. आल्प्सच्या पायथ्याशी राहणारी, शांत, मुलांत रमणारी नायिका एका बाजूला आणि पॅरिसच्या रंगलेल्या स्त्रिया दुसऱ्या बाजूला, असं चित्र रुसोने वाचकांपुढे ठेवलं. पुढच्याच वर्षी ‘एमिल’ आलं. मुलांना घट्ट बांधू नका, आयांनी स्वतः दूध पाजावं, हे त्यातलं सांगणं उमरावांच्या घरांतही पोचलं. त्याबरोबर आणखी एक विचार रुजला. चेहरा मनाचा आरसा असावा. लाज वाटली तर गाल लाल व्हावेत, भीती वाटली तर पांढरे पडावेत. ज्या गालांवर कायमचा लाल रंग आहे त्यांच्यावर लाज कशी दिसणार? म्हणजे रंगवलेला चेहरा खोटा आणि अशा चेहऱ्याची स्त्री संशयास्पद.

डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञही त्याच सुमारास बोलू लागले होते. दिदेरो आणि दालाँबेर यांच्या विश्वकोशाने चेहऱ्याच्या रंगांची दखल घेतली. १७७८ मध्ये राजाज्ञा मिळालेल्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनकडे औषधांबरोबर प्रसाधनंही तपासणीला येऊ लागली. हे काम मोलाचं होतं. डबीत काय घातलं आहे हे विक्रेत्याने सांगावं आणि जाणकाराने ते तपासावं, या विचाराचा हा आरंभ होता.

पण डॉक्टरांचा आक्षेप आणि रुसोचा आक्षेप एकमेकांत मिसळून गेले. शिसं वाईट म्हणून रंग वाईट, रंग वाईट म्हणून रंगवणारी वाईट, अशी साखळी तयार झाली. पॅरिसच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांनी हे वारं लगेच ओळखलं. त्यांनी ‘वनस्पतिजन्य लाली’ बाजारात आणली. त्वचेला अपाय नाही, रंग अगदी अंगचा वाटेल, अशा जाहिराती छापून आल्या आणि सोसायटीची मान्यता असेल तर तीही त्यात ठळक मांडली गेली. करडईच्या फुलाला अशा रीतीने नवी प्रतिष्ठा मिळाली. नैसर्गिक दिसण्यासाठी लागणारा माल त्याच दुकानांत, त्याच फळ्यांवर, बहुधा जास्तच किमतीला मिळू लागला.

भुकटीविना केस

या नव्या रूपाला खरा चेहरा दिला तो एका चित्रकर्तीने. एलिझाबेथ विजे-लब्रँ आणि मारी आंत्वानेत दोघींचा जन्म १७५५ मधला. एलिझाबेथचे वडील चित्रकार, आई केशभूषा करणारी. वडील गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि पंधरा-सोळाव्या वर्षीच लोकांची चित्रं काढून घराला हातभार लावू लागली. १७७८ मध्ये तिने राणी झालेल्या मारी आंत्वानेतचं पहिलं व्यक्तिचित्र रंगवलं.

तिला त्या काळच्या केसांवरच्या भुकटीचा तिटकारा होता, असं तिने आठवणींत लिहिलं आहे. ही भुकटी गव्हाच्या सत्त्वापासून बनत असे. १७७५ मध्ये पावाच्या भाववाढीवरून फ्रान्समध्ये दंगे उसळले, तेव्हाही बड्या डोक्यांवर गहू शिंपडला जातच होता. द्राक्षं तोडणाऱ्या मुलीच्या वेशात डचेस ऑफ ग्रामों-कादरूस चित्राला बसली, तेव्हा एलिझाबेथने तिला भुकटी न लावण्याची गळ घातली. डचेसचे केस काळेभोर होते. एलिझाबेथने कपाळावर भांग पाडून ते मोकळ्या कुरळ्या बटांत सोडले. बैठक संपायला उशीर झाला म्हणून डचेस तशीच नाटकाला गेली. एवढी देखणी स्त्री तशी आलेली पाहून इतर स्त्रियांनीही ते उचललं आणि हळूहळू ती रीत झाली. पुढे एलिझाबेथने राणीलाही तीच विनंती केली. ही फॅशन मी सगळ्यांत शेवटी उचलेन, नाहीतर माझं मोठं कपाळ झाकायला मीच ती काढली असं लोक म्हणतील, असं राणीने हसत सांगितलं.

राणीचं हसणं वरवरचं नव्हतं. लोक काय म्हणतील हे ती तोवर चांगलंच शिकली होती. तरुणपणी रोज बर्तँ या फॅशनवालीच्या आणि लेओनार या केशभूषाकाराच्या नादाने तिने हात-हातभर उंच केशरचना मिरवल्या होत्या. बर्तँच्या दुकानाचं नाव ‘ओ ग्राँ मोगोल’, म्हणजे थोर मोगलाच्या नावाने चालणारं दुकान. हिंदुस्थानच्या वैभवाची पॅरिसवर तेव्हा एवढी भुरळ होती. १७८१ मध्ये मुलगा झाल्यानंतर राणीचे केस विरळ झाले आणि लेओनारने ते आखूड कापले. व्हर्सायच्या शिरस्त्यांना कंटाळून ती आता पेती त्रियानों या आपल्या छोट्या महालात राहणं पसंत करू लागली. तिथे तिचा पोशाख म्हणजे सैलसर पांढरा मलमलीचा झगा, कमरेला पट्टा आणि डोक्यावर गवती हॅट. चेहरा जवळजवळ मोकळा.

मलमलीचा गुन्हा

१७८३ च्या मेमध्ये एलिझाबेथला शाही कला अकादमीत प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये लूव्ह्रच्या प्रदर्शनात तिने राणीचं नवं चित्र मांडलं. त्यात राणी त्याच मलमलीच्या झग्यात, हातात गुलाब घेऊन उभी होती. भरजरी रेशीम नाही, हिरे नाहीत, राजचिन्ह नाही. रुसोच्या वाचकांना आवडायला हवं होतं तसंच हे चित्र होतं.

उलट गदारोळ झाला. राणीने अंतर्वस्त्रांत चित्र काढून घेतलं, अशी कुजबुज सुरू झाली. राजाची बायको नोकराणीसारखी दिसते, अशी नाराजी उमटली. ल्योंच्या रेशीम विणकरांचं दुःख खरं होतं. राणी रेशीम सोडून सुती मलमल नेसली तर बाकीच्या स्त्रियाही नेसणार आणि त्यांचे माग बंद पडणार. मलमल मुळात हिंदुस्थानातली, आणि बंगालचा तो व्यापार इंग्रजांच्या मुठीत गेलेला. म्हणजे ऑस्ट्रियात जन्मलेली राणी फ्रेंच धंदा बुडवून शत्रूचं घर भरते आहे, असा अर्थ लावायला फार कल्पनाशक्ती लागत नव्हती. ज्या देशाने १६८६ ते १७५९ अशी तब्बल ७३ वर्षं हिंदुस्थानी छापील सुती कापडावर बंदी घातली होती, तिथे ही भीती मुरलेली होती. चित्र भिंतीवरून उतरवावं लागलं. एलिझाबेथने घाईने दुसरं रंगवलं: राणीची ढब तीच, हातात गुलाब तोच, अंगावर मात्र निळसर रेशीम.

इथे थांबून विचार करायला हवा. लाली लावलेली राणी उधळी आणि खोटी. लाली नसलेली, मलमल नेसलेली राणी निर्लज्ज आणि देशद्रोही. चेहऱ्यात आणि कपड्यांत बदल झाला होता, आरोप करणाऱ्यांच्या मनात झाला नव्हता. रंगाच्या नावाने चाललेला वाद मुळात रंगाचा नव्हताच. एका परक्या स्त्रीला सत्तेच्या जवळ किती जागा द्यायची, याचा तो वाद होता.

या साधेपणाची आणखी एक किंमत वर्षभरातच मोजावी लागली. दरबारी लालीने आणि भरजरी पोशाखाने राणी लांबूनही ओळखू येत असे. मलमलीचा झगा कुणीही शिवून घेऊ शकत होतं. १७८४ च्या ऑगस्टमधल्या एका रात्री व्हर्सायच्या बागेत कार्डिनल रोआँ राणीच्या गुप्त भेटीला आला. अंधारात पांढऱ्या मलमलीतली एक स्त्री उभी होती. तिने त्याला गुलाब दिला आणि ती झाडीत नाहीशी झाली. ती राणी नव्हती. पॅरिसच्या पाले-रोयाल बागेत फिरणारी निकोल लगे नावाची तरुणी होती आणि त्या वादग्रस्त चित्रातल्या राणीसारखा वेश करून तिला तिथे उभं केलं होतं. जान द ला मोत या ठकबाईने रचलेल्या या नाटकाला भुलून कार्डिनलने राणीच्या नावाने सोळा लाख लिव्हर किमतीचा हिऱ्यांचा हार उचलला. १७८५ मध्ये प्रकरण फुटलं. पुढच्या वर्षी न्यायालयाने कार्डिनलला निर्दोष सोडलं. राणीने तो हार घेतलाच नव्हता, पण अंधारात पुरुषाला भेटायला जाणारी बाई हीच असणार, हे लोकांना सहज पटलं. तिची बदनामी कायमची झाली.

दात दिसणारं हसू

एलिझाबेथही सुटली नाही. १७८७ च्या प्रदर्शनात तिने स्वतःचं आणि लहानग्या मुलीचं चित्र ठेवलं. आई मुलीला कवेत घेऊन हसते आहे आणि ओठ किंचित उघडे असल्याने दात दिसत आहेत. आज लूव्ह्रमध्ये ते पाहताना त्यात खटकण्यासारखं काय होतं असा प्रश्न पडतो. पण युरोपातल्या गंभीर चित्रकलेत दात दिसणारं हसू दारुड्यांचं, वेड्यांचं किंवा खालच्या लोकांचं मानलं जाई आणि समीक्षकांनी तिला त्याबद्दल फटकारलं. त्या हसण्यामागेही तंत्र होतं. पिएर फोशार याने १७२८ मध्ये दंतवैद्यकावरचा पायाभूत ग्रंथ लिहिला होता आणि पॅरिस दंतवैद्यांचं शहर झालं होतं. निरोगी दात, वणांशिवायची त्वचा, दाट केस यांवर नैसर्गिक रूप उभं होतं आणि या तिन्ही गोष्टी पैशाशिवाय आणि नशिबाशिवाय मिळत नव्हत्या. भडक लालीखाली देवीचे वण असलेली स्त्रीही दरबारात इतरांच्या बरोबरीने उभी राहू शकत होती. मोकळ्या चेहऱ्याच्या युगात तिला ती सवलत राहिली नाही.

क्रांती आणि नंतर

१७८९ च्या ऑक्टोबरमध्ये जमाव राजघराण्याला व्हर्सायहून पॅरिसला घेऊन आला, त्याच सुमारास एलिझाबेथ साध्या कामकरी बाईच्या वेशात मुलीसह पॅरिसमधून निसटली. गडद लाली आता बुडत्या उमरावशाहीची खूण ठरली. तरी जुन्या सवयी सगळ्यांच्या सुटल्या नाहीत. क्रांतीचा खुद्द पुढारी रोबेस्पिएर शेवटपर्यंत केसांना भुकटी लावत होता.

२९ ऑक्टोबर १७९३ रोजी क्रांतिकारी संसदेने फर्मान काढलं: आपापल्या लिंगाला साजेसा हवा तो पोशाख प्रत्येकाने करावा. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, याच संसदेने स्त्रियांचे सगळे राजकीय क्लब बंद केले. स्त्रीची खरी जागा घर, तिचं भूषण लज्जा, असं त्या वेळी सांगण्यात आलं. रुसोच्या नायिकेचं काय होतं ते या दोन दिवसांत दिसतं. निसर्गाच्या नावाने स्त्रीच्या गालावरचा रंग पुसला आणि त्याच निसर्गाच्या नावाने तिच्या तोंडाला कुलूप घातलं. मारी आंत्वानेतचा गिलोटीनवर वध झाला तो या फर्मानांच्या दोनच आठवडे आधी, १६ ऑक्टोबरला. तिच्या अंगावर साधा पांढरा झगा होता.

दहशतीचा काळ संपल्यावर पांढरी मलमल पुन्हा आली. तेरेझा ताल्यँ, जुलिएत रेकामिए या स्त्रियांनी ग्रीक पुतळ्यांसारखे पातळ झगे मिरवले. झाक-लुई दाविदने १८०० मध्ये रंगवायला घेतलेल्या चित्रात बँकरची बायको रेकामिए अनवाणी, दागिन्यांशिवाय, जवळजवळ रिकाम्या खोलीत पहुडलेली आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी राणीला ज्या मलमलीबद्दल शिव्या बसल्या, तीच आता उत्तम अभिरुचीची खूण होती. मग नेपोलियन आला आणि त्याच्या दरबारात लालीही परतली. त्याची पत्नी जोसेफीन ती सढळ हाताने वापरत असे. फिकट चेहऱ्याच्या स्त्रियांना नेपोलियन लाली लावून यायला सांगे, असं त्या काळच्या आठवणींत नोंदलेलं आहे. तीस वर्षांत झोका एक पूर्ण हेलकावा घेऊन आला.

खरा, टिकलेला बदल या झोक्यात झाला नाही. तो दुसरीकडे झाला. १७९८ मध्ये एडवर्ड जेन्नरने गायीच्या देवीची लस प्रसिद्ध केली. १८०२ च्या जूनमध्ये ती मुंबईत पोचली आणि तिथल्या एका तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. जिथे देवीचे वण कमी झाले तिथे सफेद्याच्या दाट थराची गरजही कमी झाली. पुढे जस्ताचा पांढरा रंग स्वस्त झाला आणि एकोणिसाव्या शतकात शिशाला पर्याय मिळाला. लोकांच्या चेहऱ्यांचं भलं झालं ते लसीने, रसायनशास्त्राने आणि तपासणीने. नीतीच्या उपदेशाने त्यातलं काहीच साधलं नाही.

उपदेश मात्र टिकला. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात लाली ही रंगभूमीवरच्या आणि बदनाम मानलेल्या स्त्रियांची खूण झाली. घरंदाज स्त्रिया ती लपूनछपून लावत आणि उघडकीला येण्याची धास्ती बाळगत. १९२० च्या दशकात तरुणींनी हॉटेलात, बसमध्ये, सगळ्यांदेखत पर्समधून डबी काढून ओठ रंगवायला सुरुवात केली, तेव्हा पुन्हा तीच ओरड ऐकू आली. त्यानंतरही ठळक आणि नैसर्गिक अशा लाटा येत राहिल्या. आज ‘मेकअप नसल्यासारखा मेकअप’ करायला सात-आठ बाटल्या लागतात आणि गडद लिपस्टिक लावून कामावर जाणाऱ्या बाईला अजून टोमणे ऐकावे लागतात.

अठराव्या शतकातल्या फ्रान्सने दोन प्रश्न विचारले होते. डबीत काय आहे, हा पहिला प्रश्न रास्त होता आणि आजही तितकाच रास्त आहे. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडतो, तेव्हा तो सरकारी यंत्रणेने, डॉक्टरांनी आणि ग्राहकांनी कठोरपणे विचारलाच पाहिजे. या चेहऱ्यावरून ती बाई कशी आहे, हा दुसरा प्रश्न तेव्हाही अन्याय्य होता आणि त्याची उत्तरं विचारणाऱ्याने आधीच ठरवलेली होती. व्हर्सायमध्ये सगळ्यांसमोर लाली लावायला लावलेली चौदा वर्षांची मुलगी आणि मलमल नेसली म्हणून बदनाम झालेली सत्तावीस वर्षांची राणी ही एकच स्त्री होती. तिच्या राज्यकारभाराचा, खर्चाचा, चुकांचा हिशेब इतिहासाने जरूर मांडावा. तिच्या गालांचा हिशेब मांडण्याचा अधिकार तेव्हा कुणाला नव्हता. आज कुठल्याही बाईच्या गालांचा हिशेब मांडण्याचा तो कुणालाही नाही.